बाटलीवरची रेघ

बाटलीवरची लाल रेघ बुडाली होती. काल आंघोळ झाल्यावर तिनेच ती ओढली होती, शाम्पू जिथवर होता नेमकी तिथे. आज शाम्पू रेघेच्या दोन बोटं वर उभा होता. शाम्पू काही दूध नाही, आपोआप वर यायला.

तिने बाटली उजेडात धरली. हिरवा रंग पार फिका पडला होता. झाकण उघडून नाकाशी नेली, तर वास मात्र तोच, सफरचंदाचा. या वासाने तिचं रोज डोकं उठायचं. हा वास नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा होता.

घरात माणसं दोनच, ती आणि नवरा. आणि नवऱ्याच्या डोक्यावर शाम्पू लावावा असं काही उरलेलं नव्हतं.

नवरा औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर. जुना माल आधी खपवायचा, मगच नव्याला हात लावायचा, हे वीस वर्षं पाळून पाळून त्याच्या अंगात मुरलं होतं. लग्नानंतर आठवड्याभरात त्याने तिला बाथरूममधलं कपाट उघडून दाखवलं. पहिली जाऊन दोन वर्षं झाली होती, पण एकावर एक फुकट मिळतंय म्हणून तिने भरून ठेवलेलं सगळं जागच्या जागी होतं. साबण, क्रीम, पावडरचे डबे, टूथपेस्ट, नेलपॉलिश, चार शाम्पू.

"हे आधी संपवू, मग तुझ्या पसंतीचं आणू," तो म्हणाला होता. "उगाच खर्च कशाला?"

तिने मान डोलावली होती. आठ दिवसांची नवरी आणखी काय करणार?

मग तिने संपवायलाच घेतलं. पहिलीच्या साबणाने पायपुसणी धुतली. पहिलीच्या क्रीमने टाचा माखल्या, पावडर बुटांत ओतली, टूथपेस्टने नळ घासले. बाटलीवरची रेघसुद्धा पहिलीच्याच नेलपॉलिशची. सवत जिवंत असती तर निदान कडाकडा भांडता आलं असतं. हिच्याशी भांडायचं म्हणजे हिचा साबण झिजवायचा, एवढंच हातात होतं.

आठ महिन्यांत कपाट रिकामं झालं. उरली होती ही एक बाटली. कोपऱ्यावरच्या दुकानात तिने लिंबाच्या वासाचा शाम्पू हेरून ठेवला होता. या घरातली तिची स्वतःची पहिली वस्तू तीच असणार होती. म्हणून गेले पंधरा दिवस ती दुप्पट शाम्पू ओतून न्हात होती, आणि बाटली काही संपत नव्हती.

तिने थोडा शाम्पू मोरीत ओतला आणि बाटली होती तिथे ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवर नळ सोडला, चपला काढल्या आणि पावलं न वाजवता परत आली.

नवरा बेसिनपाशी उभा होता. बाटली तिरकी धरून नळाची बारीक धार आत सोडत होता, फेस होऊ नये अशा बेताने.

"अहो, काय करताय?"

तो दचकला. "काही नाही गं. तळाला राहिलेलं वाया जातं, म्हणून जरा खंगाळत होतो."

"तळाला? अर्धी बाटली भरलीय."

त्याने नळ बंद केला.

"गोदामात मालात पाणी घातलं तर काय करतात?"

"घरी बसवतात," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मला सरळ सांगायचं होतंत, ही एवढी राहू दे म्हणून. मी हातसुद्धा लावला नसता."

हे साफ खोटं होतं. त्याने तसं सांगितलं असतं तर तिने आधी हीच संपवली असती. त्यालाही ते ठाऊक असावं, कारण त्याने बाटली छातीशी धरली होती. एवढ्या महिन्यांत त्याने तिचं काही असं धरलं नव्हतं.

तिने बाटली त्याच्या हातातून ओढून घेतली. बेसिनवर वाकली आणि डोक्यावर उपडी केली, सगळीच्या सगळी. फेस आलाच नाही. नुसतं हिरवट पाणी कानांवरून, मानेवरून ओघळत राहिलं. वास मात्र एवढा पसरला की बाथरूममध्ये तिसरं माणूस येऊन उभं राहावं.

झाली संपून. तिने रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तो काय बोलतो याची वाट बघत तशीच वाकून उभी राहिली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

खुंटीवरचा टॉवेल काढून त्याने तिच्या डोक्यावर टाकला आणि केस टिपू लागला. आठ महिन्यांत त्याने तिच्या केसांना पहिल्यांदाच हात लावला होता. हात हलका होता, सवयीचा होता. आधी टोकं टिपून मग वर यायचं, गुंता ओढायचा नाही, हे त्याला कोणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती. तरी ती हलली नाही. मानेवर त्याचा लांब ओढलेला श्वास लागत होता. तो वाकून, अगदी जवळ आला होता. हवं होतं ते हेच, आणि ते असं मिळत होतं.

तिने हळूच मान वर करून आरशात पाहिलं.

"डोळे उघडा," ती म्हणाली.