ओर्नेल्लाचं आजारपण

बल्गेरियातल्या अनाथाश्रमात दारिओ खाली वाकून, आज दत्तक म्हणून घरी न्यायच्या छोट्या बोयानच्या नव्या बुटांचे बंद बांधत होता. तेवढ्यात दार ढकलून एक मुलगी आत आली. नऊ-दहा वर्षांची, ओले केस चापूनचोपून बसवलेले. ती सरळ ओर्नेल्लासमोर येऊन उभी राहिली आणि बल्गेरियनमध्ये काहीतरी बोलली.

दुभाषी नेव्हेना गोंधळली. "विचारतेय, आता बरं वाटतंय का तुम्हाला?"

"मला?" ओर्नेल्ला हसली. "मला काय झालंय? प्रवासाने थोडी आंबलेय, इतकंच. गोड आहे गं. कोण ही?"

नेव्हेनाने संचालिकाबाईंकडे पाहिलं. त्यांनी चीज भरलेल्या बानित्साची ताटली पुढे सरकवली. "गरम आहे. घ्या ना."

मुलगी मात्र बोलतच होती. नेव्हेनाचा आवाज हळूहळू खाली आला. "ही झ्लातिना. बोयानची बहीण. म्हणतेय, तुम्ही बऱ्या व्हाव्यात म्हणून दर रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तुमचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून देवाला नुसतं सांगायची, ती इटलीची आजारी बाई."

ओर्नेल्लाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. मे महिन्यात दोघं नवराबायको पहिल्यांदा इथे आली, तेव्हा याच खोलीत तिने विचारलं होतं, याला कोणीच नाही का? नेव्हेनाने तोंड उघडायच्या आत दारिओच म्हणाला होता, "कोणी नाही गं." घरी परतल्यावर तिची झोप उडाली होती. एवढासा जीव, जगात एकटा. ती रडायची आणि दारिओ तिच्या केसांतून हात फिरवत राहायचा.

"आम्ही दोघा भावंडांबद्दलच विचारलं होतं, बाई," संचालिकाबाई म्हणाल्या. "तुमच्या यजमानांनीच फोनवर सांगितलं, बायकोचं हृदय अधू आहे, दोन पोरं तिला झेपायची नाहीत. मग आम्ही तरी काय बोलणार? मे महिन्यात पोरीला वरच्या मजल्यावर ठेवलं. म्हटलं, तुम्हाला बघून वाईट वाटायला नको."

"दारिओ."

तो वाकलेलाच होता. बंद कधीच बांधून झाले होते.

"घरी गेल्यावर बोलू," तो इटालियनमध्ये म्हणाला.

"इथे बोल. माझ्या हृदयाला काय झालंय?"

"तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"मग? म्हणूनच नाही सांगितलं." तो उठून उभा राहिला. बोयान त्याचं बोट धरून होता. "तिच्याकडे बघ, ओर्ने. तिला सगळं आठवतं. आई, घर, सगळं. तिच्यापुढे आपण जन्मभर परकेच राहिलो असतो, आणि तिच्या नादाने हाही. हा एकटा आला तर आपला होईल."

"आणि मी? मला आजारी पाडलंस?"

"काहीतरी कारण द्यावंच लागतं ना. त्यात काय एवढं?"

झ्लातिना एकदा याच्या, एकदा तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"तिला सांग," ओर्नेल्ला नेव्हेनाला म्हणाली, "मी कधीच आजारी नव्हते."

"नको ना. तिला वाटतंय, तिने प्रार्थना केली म्हणून तुम्ही बऱ्या झालात. राहू दे तेवढं."

"सांग म्हणते ना."

नेव्हेनाने सांगितलं. झ्लातिनाने ऐकून घेतलं. मग ती दारिओकडे पाहत राहिली, आणि दारिओ खिडकीतून बाहेर उभ्या टॅक्सीकडे.

"हिलाही न्यायचं तर काय करावं लागेल?" ओर्नेल्लाने विचारलं.

संचालिकाबाईंनी सुस्कारा सोडला. "कोर्टाचा हुकूम एकट्या बोयानचा आहे. पोरीसाठी सगळं नव्याने. वर्ष लागेल. शिवाय तुमच्या दोघांच्याही सह्या लागतील."

"मी सही करणार नाही," दारिओ म्हणाला. "आत्ताच सांगून ठेवतो. चल, विमान चुकेल."

"तू जा. मी गावात खोली घेते. बोयान माझ्याजवळ राहील, रोज बहिणीला भेटेल."

"डोकं फिरलंय तुझं?"

"हृदय अधू आहे ना? डोक्याचंही सांग लोकांना."

त्याने बोट सोडवून घेतलं. "हॉटेलवर जाऊन बसतो. डोकं थंड झालं की फोन कर," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

टॅक्सीचा दरवाजा आपटला तेव्हा कुठे बोयानला कळलं. मे महिन्यात दारिओ त्याच्याबरोबर रोज चेंडू खेळला होता. त्या काही दिवसांत बोयान इटालियनमधला एकच शब्द शिकला होता. तो शब्द ओरडत तो अंगणात धावला. "पापा! पापा!" ओर्नेल्लाने फाटकाशी त्याला कसंबसं धरलं, तर तो तिला बुक्क्या मारू लागला, दंडाला चावला. टॅक्सी उतारावरून खाली निघाली. आपण हे कुणासाठी केलं, असा प्रश्न ओर्नेल्लाला त्या क्षणी पडला.

झ्लातिना सावकाश चालत आली. फाटकाला टेकून रस्त्याकडे पाहत तिने दोन वाक्यं म्हटली.

"काय म्हणाली?" ओर्नेल्लाने धापा टाकत विचारलं.

नेव्हेना फाटकापाशी आली.

"म्हणतेय, रडू द्या त्याला, गाडी दिसेनाशी झाली की थांबतो. मागच्या वेळी तुम्ही दोघं गेलात तेव्हाही थांबला होता."