कड्याखालची रानलसूण

बर्फातला माग डोंगरावरून खाली आला होता, आणि तो पाहताच गिहेई थबकला. वर जाण्यासारखं होतं एकच, कड्याखालची रानलसूण. आणि ती जागा, त्याच्या समजुतीप्रमाणे, उभ्या पृथ्वीवर एकट्या गिहेईला ठाऊक होती.

जपानमधल्या अकिताच्या त्या खोऱ्यात माणूस एक वेळ घराची किल्ली देईल, रानभाजीची जागा देणार नाही. ती बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो, तीही दार लावून. गिहेईच्या बापाने सांगितली तेव्हा वर बजावलं होतं, "बायकोलासुद्धा नाही." चाळीस वर्षं त्याने शब्द पाळला होता. वसंतात पहिली रानलसूण गिहेईची, म्हणून देवळातल्या पंगतीत पहिलं पानही गिहेईचं. बाकी वर्षभर त्याला कोणी कशात पहिला धरत नव्हतं.

आज तो देवळाच्या छपरावरचा बर्फ काढायला जातो असं सांगून निघाला होता. अस्वलं जागी व्हायचे दिवस, म्हणून लोक कमरेला घंटा बांधतात. गिहेईने घंटेच्या तोंडात चिंधी कोंबली होती. अस्वल परवडलं, शेजारी नको. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली वाकवलेल्या लाकडाच्या कान्जिकी होत्या, त्याही उलट्या, टोक मागे आणि टाच पुढे. म्हणजे चढणाऱ्याचा माग उतरणाऱ्यासारखा दिसतो. ही युक्तीही बापाचीच.

तो वाकून माग न्याहाळू लागला. तोराजी? छे, तो लंगडा, त्याचा माग दारुड्याच्या सहीसारखा उमटतो. पुजारी? तो कान्जिकी घालूनही छातीपर्यंत रुततो, मागच्या वर्षी त्याला उपसायला बैल लावावा लागला होता. मग गिहेईचं लक्ष काठीच्या भोकांकडे गेलं. भोकं पावलांच्या वरच्या अंगाला होती. उतरणारा काठी खाली टेकतो. वर टेकतो तो चढणारा.

म्हणजे चोर उतरला नव्हताच. उलट्या कान्जिकी घालून चढला होता, आणि अजून वरच होता. ही युक्ती ठाऊक असलेला दुसरा माणूस तर स्मशानात होता. गिहेईने क्षणभर बापावरही संशय घेतला.

कड्याखाली डोक्याला रुमाल गुंडाळलेलं कोणीतरी ओणवं होतं. लसूण खुडत नव्हतं, हिरव्या कोंबांवर फावड्याने बर्फ लोटत होतं.

"कोण आहे रे चोरटा!" गिहेई ओरडला.

चोरटा वळला. ती त्याची बायको होती, किनू.

"देवळाचं छप्पर बरंच उंच गेलंय की हो," ती म्हणाली.

"तू... तू तर दात काढायला गेली होतीस!"

"दात आहे जाग्यावर. तो फक्त वसंतात दुखतो, दरवर्षी."

"ही जागा तुला सांगितली कोणी?"

"मामंजींनी."

"थापा मारू नकोस! बाबांनी मला शपथ घातली होती."

"घातली असेल. तुम्ही वैद्याला आणायला धावलात, तेव्हा मला आत बोलावलं. म्हणाले, सूनबाई, पोरगा चांगला आहे पण अधाशी. जागा सांगितलीय खरी, दोन वर्षांत मुळासकट खाईल. तू दरवर्षी कान्जिकी उलट्या घालून त्याच्या आधी जा आणि अर्धी लसूण बर्फाखाली झाकून ठेव. दिसेल तेवढीच नेईल."

गिहेई बर्फातच खाली बसला. आपली लसूण कधी संपत नाही, कारण डोंगरदेवीची आपल्यावर मर्जी आहे, असं तो दर पंगतीत साकेच्या दुसऱ्या पेल्याला सांगत आला होता. देवी फावडं घेऊन समोर उभी होती.

"आणि तू खात नाहीस?" त्याने क्षीण आवाजात विचारलं. "मला कधी तुझ्या तोंडाचा वास नाही आला."

"लसूण खाल्लेल्याला दुसऱ्याचा वास येतो का? त्यावरच तर टिकलाय आपला संसार."

"म्हणजे बाबांचा माझ्यावर विश्वास नव्हता."

"तुमच्यावर नव्हता, त्यात नवल काय?" किनूने फावडं बर्फात रोवलं आणि ती त्याच्या शेजारी टेकली. मग आवाज खाली आला. "पण मला एक गोष्ट इतकी वर्षं छळतेय. तो वरचा टप्पा बघा, खडकाच्या पलीकडचा. तिथली लसूण सगळ्यांत जाड. मी कितीही लवकर येवो, तो टप्पा आधीच झाकलेला असतो. वाऱ्याने नव्हे. फावड्याने, वरून थोपटून."

गिहेईने मान वर केली. टप्प्यावरचा बर्फ मऊ, गुळगुळीत, नुकत्या अंथरलेल्या गादीसारखा. वाऱ्याचा मागमूस नव्हता. तरी बर्फाचं एक ढेकूळ खडकामागून सुटलं आणि घरंगळत त्या दोघांच्या पायांशी येऊन थांबलं.

किनूने नवऱ्याची बाही धरून त्याला आडोशाला ओढलं.

"खरं सांगा," ती त्याच्या कानाशी कुजबुजली, "मामंजींना तुम्ही एकटेच ना?"