न्यायाधीशाचा झगा

“अरे, फाडा तो झगा! कपडे वाळत घालायला आलात का?” बाई ओरडल्या.

रंगमंचावरच्या मुलामुलींनी पुन्हा न्यायाधीशाच्या झग्याला हात घातला आणि पुन्हा सगळी ओशाळून हसली. न्यायाधीश झाले होते कॉलेजातले भूगोलाचे सर. नकाशा साफ चुकला तरी प्रयत्नाचे मार्क देणारा माणूस. त्यांच्या अंगावर धावून जायचं कसं?

बाई साहित्य शिकवायच्या. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरून त्यांनी हे नाटक बसवलं होतं. पुरात अडकलेलं गाव कोर्टाच्या इमारतीत आसरा घेतं, आधी नियम करतं आणि मग नियम सांगणाऱ्या न्यायाधीशावरच तुटून पडतं. झगा म्हणजे माणसाची सभ्यता, हे बाईंनी वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं, की मुलं पाठीमागे त्यांनाच ‘झगाबाई’ म्हणत. प्रयोग परवावर आला होता आणि सभ्यता काही केल्या फाटत नव्हती.

चहाच्या सुट्टीत बाईंनी गर्दीतल्या चौघांना बाजूला घेतलं. ऑफिसच्या काचा फोडल्याबद्दल या चौघांना नुकतंच होस्टेलमधून काढलं होतं. त्यांची नावं प्राचार्यांना कोणी सांगितली, ते अजून त्यांना कळलं नव्हतं. बाईंना माहीत होतं, कारण ती त्यांनीच सांगितली होती. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते आता.

“नावं सरांनी दिली,” त्या हळूच म्हणाल्या. “बाहेर बोलू नका. फक्त सीनपुरतं वापरा.”

पुढच्या वेळी कोणी हसलं नाही. चौघे धावले आणि त्यांच्या मागून बाकीचे. मागच्यांना तर कारणही ठाऊक नव्हतं. झगा फाटला, आतला शर्ट फाटला, सर गुडघ्यांवर पडले. “अरे, लागतंय मला,” ते म्हणाले. हे वाक्य नाटकात नव्हतं. बाईंच्या ते चांगलं लक्षात आलं. पण सीन इतका कधीच रंगला नव्हता. ‘थांबा’ म्हणायला त्यांनी जरा वेळ लावला, आणि तोवर सरांच्या कपाळातून रक्त येऊ लागलं होतं.

बाई बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिल्या. त्यांना स्वतःची शिसारी आली. इतकी वर्षं माणसातल्या दुष्टपणावर त्या तासच्या तास बोलत आल्या होत्या आणि आज तो त्यांनी चहा पिता पिता केला होता. आरशात बघायचं धाडस होईना. शेवटी मनाचा हिय्या करून त्या मेकअपच्या खोलीत गेल्या.

सर कपाळाला ओला रुमाल लावून बसले होते.

“सर, मुलांचा दोष नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही त्या चौघांची नावं दिलीत, असं मीच त्यांना सांगितलं. आणि दिली होती मी. आत्ताच्या आत्ता जाऊन त्यांना खरं सांगते.”

“नावं तुम्ही दिलीत ते माहीत आहे मला. त्या दिवशी मी प्राचार्यांच्या दाराबाहेरच बसलो होतो.” सरांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. “बसा आधी. इतक्यात बाहेर जाऊ नका.”

“का?”

“ते चौघे मघाशी इथे येऊन गेले. ‘सर, खरंच तुम्हीच नावं दिलीत का?’ म्हणून मला विचारत होते. मी हो म्हटलं.”

“हो म्हटलंत? अहो, पण का?”

“राग उतरला नव्हता हो त्यांचा,” सर रुमालाची घडी बदलत म्हणाले. “मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी पुढे विचारलं असतं, मग कोणी?”