मालकाचं पथ्य

पुष्पाबाईनं भाजीच्या गंजावरचं झाकण काढलं आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ओळीनं बसलेल्या सातही बायांनी वाकून पाहिलं. आत लवकी होती, दुधी भोपळ्याची भाजी. पाण्यासारख्या रशात तरंगणारी, हळदीच्या नावाला जराशी पिवळी.

भाताच्या रोवण्याचा शेवटचा दिवस होता. या दिवशी रोवणाऱ्या बायांना मालकाकडून कोंबडीचं जेवण, हे त्या गावात कुणी कुणाला सांगावं लागत नसे. यंदा तर पुष्पाबाई स्वतः दारोदार फिरून शब्द देऊन आली होती. त्या शब्दावर या बाया दुसऱ्यांची शेतं सोडून तिच्या चिखलात उतरल्या होत्या. शेवटची बांधी, बांध घातलेला भाताचा तुकडा, निम्मी रोवून झाली होती. उरलेल्या निम्मीत पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, जुड्या टाकून ठेवलेल्या होत्या. आज रोवल्या नाहीत, तर पिवळ्या पडल्या असत्या.

सकाळी कोंबडी आणायला नवऱ्याला बाजारात पाठवलं, हीच तिची चूक. मुन्नालालच्या पिशवीतून चार लवक्या निघाल्या. चुलीजवळ उभं राहून त्यानं त्या शिजवूनही घेतल्या. तेव्हा आपल्याला काहीच कसं सुचलं नाही, याचा राग तिला आता स्वतःचाच येत होता.

ती मान खाली घालून पत्रावळींवर वाढत गेली.

मुन्नालाल धुऱ्यावरच प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, उजवा पाय खताच्या पोत्यावर ठेवून. वीस दिवसांपूर्वी त्याचा अंगठा वांग्यासारखा सुजला. गोंदियाच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलंय म्हणाला, मटण-मासे बंद केले. तिथपर्यंत ठीक होतं. वीस दिवस ती त्याच्यासाठी बिनतक्रार लवकी शिजवत होती, स्वतःही तीच खात होती. अंगठा ठणकला की लेकरासारखा कण्हायचा तो, आणि ती त्याच्या पायावर फुंकर घालत बसायची. पण सूज उतरायला लागली, तसा तो महाराज होत चालला. ज्यानं चघळून टाकलेल्या हाडाकडे कुत्रंसुद्धा निराश होऊन बघायचं, तो आता आल्यागेल्याला सांगायचा, की आपल्याला मटणाचा वाससुद्धा सहन होत नाही.

आताही त्यानं खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढला आणि बायांना आकडे वाचून दाखवले. मग आपलं शरीर कसं हलकं झालं ते सांगितलं. मटण काय, कोंबडी काय, सगळं जहर. एका दिवसाच्या जिभेसाठी ते पोटात कायले घालायचं? तुमच्याच भल्यासाठी बोलून राहिलो, म्हणाला. ओळीतल्या सुशिलाबाईनं विचारलं, डॉक्टरनं तिचंही नाव घेतलं होतं का. तो म्हणाला, रोग काही नाव विचारून येत नाही.

रुख्मा सगळ्यांत वयानं मोठी. या गावात नवी नवरी म्हणून आलेल्या पुष्पाबाईला रोवायला तिनंच शिकवलं होतं. तिनं पत्रावळीकडे पाहिलं, मग पोत्यावरच्या पायाकडे.

"अंगठा तुमचा सुजला न मालक, मंग पट्टी आमच्या पोटाले कायले बांधता?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुष्पाबाईला वाटलं.

रुख्मा उठली. अन्न फेकणारी बाई नव्हती ती. वाढलेली पत्रावळ तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि नैवेद्य ठेवावा तशी मुन्नालालच्या खुर्चीपाशी ठेवली. मालकाच्या तब्येतीले चांगलं आहे, म्हणाली. तिच्यामागून सुशिलाबाई, मग बाकीच्या. सात पत्रावळी खुर्चीभोवती मांडून झाल्या. मग बायांनी खोचलेली साडी सोडली आणि नहराच्या वाटेनं गावाकडे निघाल्या.

पुष्पाबाई हातात पळी धरून उभी होती. प्रश्न निम्म्या बांधीचा नव्हता. पुढच्या वर्षी कोणत्या तोंडानं कुणाच्या दारात उभं राहायचं?

"रुख्मा," तिनं हाक मारली. "माह्या खुराड्यात चार कोंबड्या हायेत. संध्याकाळी साऱ्या जणी अंगणात या."

रुख्मा थांबली. हनुवटीनं तिनं खुर्चीकडे खूण केली. "अन् मालक?"

मालक बोललाच. "माह्या घरात हे शिजणार नाही."

"घरात नाही शिजवत," पुष्पाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "अंगणात तीन दगड मांडतो. तुमी घरातच बसा. पथ्य मोडाले नोको."

रुख्मानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग साडी पुन्हा खोचली आणि बांधीत उतरली. तिच्यामागून बाकीच्या.

पुष्पाबाईनं उरलेला भात आणि लवकी आठव्या पत्रावळीवर वाढली. पायाशी जागाच नव्हती, म्हणून ती त्याच्या मांडीवर ठेवली. आता त्याला हलता येईना. मग तिनं पदर कमरेला बांधला, आणि कित्येक वर्षांनी चिखलात पाय घातला.

रोवणारी बाई मागं मागं सरते. आधीची रोवणी पलीकडच्या धुऱ्यापासून निघाली होती, तेव्हा उरलेली बांधी आता खुर्चीच्या दिशेनंच सरायची होती. मुन्नालालनं बायकोला "रेणूची माय" म्हणून दोनदा हाक मारली. कुणाचीच मान वळली नाही. वाकलेल्या आठ बाया, चिखलानं एकाच रंगाच्या झालेल्या, एकेक पाऊल मागं टाकत, पाठी करून त्याच्याकडे येत राहिल्या.