पुसलेले फोटो

बाहेरच्या खोलीत काहीतरी फुटलं तेव्हा डागवाला लेकीच्या गळ्यावरचा डाग पुसत होता.

खुर्चीतूनच त्याने "जपून गं" म्हटलं आणि पुन्हा स्क्रीनवर वाकला. बाहेरून जावयाचं हसू ऐकू आलं. "सासरेबुवा, तुमच्या लेकीच्या हाताला भोकं आहेत. आणखी एक कप गेला." लेक सकाळीच एकटी आली होती, बाबा, माझा फोटो काढा म्हणत. आधी स्पर्धेचं उरकू दे, मग काढू, असं तो म्हणाला होता. मागोमाग जावई तिला न्यायला आला. चहा झाला की दोघं निघणार होती.

डागवाला हे नाव त्याला स्टुडिओतल्यांनी ठेवलेलं. लोकांच्या चेहऱ्यांवरचे मुरूम, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसण्यात त्याची हयात गेली होती. कातडीवर काळं दिसलं की त्याचा हात डोक्याला विचारत नसे. पुसलेला फोटो तो मूळ फोटोवरच साठवायचा. डाग कशाला जपून ठेवायचे, म्हणायचा. बायको तेवढी त्याला बधायची नाही. माझं तोंड आहे तसं राहू दे, म्हणायची. शेवटी शेवटी तिने आणखी एक टुमणं लावलं होतं, पोरीचे फोटो आधी मला दाखवा, मग पुसा. आईची माया म्हणून त्याने ते कानाआड केलं. आता ते म्हणायला बायकोही नव्हती.

फोटो क्लबच्या या महिन्याच्या स्पर्धेचा विषय होता 'आधार'. संध्याकाळपर्यंत एक फोटो पाठवायचा होता. काठी टेकत चाललेला म्हातारा त्याने बाद केला. असले म्हातारे सगळेच पाठवणार. भिंतीवर चढलेला वेलही बाद केला. उरला हा. बायको गेली त्या दिवशी दवाखान्याच्या दारात त्याने तो काढला होता. रडू येईना म्हणून कॅमेरा उचलला होता. लेक दाराला टेकून उभी, शेजारी जावई, त्याचा हात तिच्या खांद्यावर. बघणाऱ्याचे डोळे भरून यावेत असा फोटो.

त्याने कडेचा कचऱ्याचा डबा कापला. वाकडी चौकट सरळ केली. हनुवटीखाली सावली फार होती, ती उजळली. तसे गळ्यावर डाग दिसले. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला चार. एकटा होता तो आधी पुसला. चारातले तीन पुसले. मग सवयीने खुर्ची मागे सरकवून त्याने सगळा फोटो एकदा नजरेखालून घातला.

जावयाची करंगळी वाकडी होती. लहानपणी दारात चेंगरून बाहेरच्या बाजूला वळलेली. लेकीच्या खांद्यावर ती तशीच पसरली होती. आणि गळ्यावर उरलेला शेवटचा डाग तसाच बाहेर वळला होता.

त्याने पुसलेले डाग एकेक करून परत आणले. पंजा पुरा झाला.

बाहेर पुन्हा काहीतरी आपटलं. या वेळचा आवाज मऊ होता. काचेचा आवाज मऊ नसतो.

तो ट्रायपॉड घेऊन बाहेर आला. जावयाने लेकीला कपाटाशी दाबून धरलं होतं. तोच हात, तीच जागा. तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या आणि फाटलेल्या ओठाचं रक्त हनुवटीवर आलं होतं. ती झटापटसुद्धा करत नव्हती. हे कधी संपतं ते तिला ठाऊक असावं, तशी उभी होती.

डागवाल्याने त्या कोपरावर लोखंडी ट्रायपॉड घातला. सांधा निखळल्याचं त्याला मुठीत कळलं. जावई खाली बसला, मग उठला आणि डाव्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसे घालू लागला. दुसऱ्या ठोशाला दात पडला. डागवाला कोसळला तसा जावई त्याच्या बरगड्यांत लाथा घालू लागला, सावकाश, नेम धरून, रोजचं काम उरकावं तशा. लेकीने पातेल्यातला उकळता चहा नवऱ्याच्या पाठीवर ओतला तेव्हा लाथा थांबल्या. किंचाळी ऐकून शेजारी दारात जमले.

जाताना जावयाने लोंबता हात सगळ्यांना दिसेल असा पुढे केला. "पोलिसात मीच जातो, सासरेबुवा. माझ्याकडे हा पुरावा आहे. तुमच्याकडे काय आहे?"

डागवाल्याकडे लेकीचे लग्नानंतरचे ढीगभर फोटो होते. दवाखान्यातला एक सोडला तर सगळ्यांत तिची कातडी लोण्यासारखी होती.

शेजारी पांगले. तोंडातलं रक्त थुंकून त्याने कॅमेरा आणला. लेकीला काही सांगावं लागलं नाही. ती नेहमीच्या स्टुलावर बसली. केस मागे घेतले. हनुवटी वर केली, मार बसलेली बाजू दिव्याकडे केली आणि थांबली. लग्न झाल्यापासून ती अशीच बसायची. अधूनमधून एकटी यायची आणि फोटो काढा म्हणायची. पोर नटवी झाली, अशी तो थट्टा करायचा.

त्याने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

"मला एकदा सांगायचंस तरी," तो म्हणाला.

लेकीने उजेडातली बाजू हलू दिली नाही.

"दर वेळी सांगायलाच यायचे, बाबा. तुम्ही पुसून हातात द्यायचात. मला वाटलं, हेच तुमचं उत्तर."