हाल्दोरची जागा

"सामना संपला की त्याला एकट्याला घरी सोडू नकोस गं. स्वतः न्यायला येत जा," फुटबॉल क्लबाचे कपडे धुणारी मालेनाकाकू मार्गितला म्हणाली होती.

मार्गित हसली होती. "काकू, नवऱ्याला दावं बांधायची वेळ अजून आली नाही माझ्यावर."

मालेनाकाकूने हातातला सदरा करकचून पिळला.

तेव्हा मार्गितच्या पोटात लिव होती. आता लिव बाबागाडीत बसून स्वतःचे मोजे ओढून काढत होती आणि मार्गित खिडकीशी उभी होती. सामना केव्हाच संपला होता. वरच्या मजल्यावरचा उल्फ तो बघून आला, जेवला, आता त्याच्या घोरण्याचा आवाजही खाली येत होता. हाल्दोरचा पत्ता नव्हता.

बेर्गेनमध्ये हाल्दोरला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. आठवडाभर तो दोरखंडाच्या कारखान्यात राबायचा आणि रविवारी मैदानात उतरायचा. कुठेही उतरायचा. बचावात उभा करा, भिंत होईल. डाव्या कडेने पळवा, पळेल. नॉर्वेच्या राष्ट्रीय संघाच्या सामन्यात गोलरक्षकाचं बोट मोडलं, तेव्हा त्याचा स्वेटर यानेच चढवला होता. पण त्याची खरी ख्याती कपाळाची. पावसात भिजून धोंड्यासारखा झालेला चामडी चेंडू तो असा काही कपाळावर घ्यायचा की लोक टोप्या उडवायचे. 'संघाला भोक पडलं की हाल्दोर लावा,' असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं.

ते वाचून पूर्वी मार्गितचा ऊर भरून यायचा. आता वाटायचं, ज्याला मैदानात कुठलीही जागा चालते, त्याला घर तरी एकच कशाला लागेल?

कारण तो उशिरा यायचा. एरवी नाही, सामन्याच्या दिवशीच. विचारलं की कपाळ चोळत म्हणायचा, "पाय मोकळे करत होतो." कपड्यांना दुसऱ्याच कुठल्या स्वयंपाकघराचा वास. त्या दिवशी लिवकडेही तो शेजारणीच्या पोरीकडे पाहावं तसा पाहायचा. माणसाचं मन दुसरीकडे गुंतलं की असंच व्हायचं, दुसरं काय!

दारावर टकटक झाली. उल्फची बायको डाग्नी होती.

"रागावू नकोस, पण सांगितलेलं बरं," ती आत येत म्हणाली. "मागच्या रविवारी आमच्या यांना तुझा नवरा दिसला. सांडविकेनच्या चढावर. त्या ट्रामवालीच्या दारात."

ट्रामवाली म्हणजे हेर्डिस. लग्न झाल्यावर मार्गित आणि हाल्दोर त्या चढावरच्या पिवळ्या लाकडी घरात भाड्याने राहायचे. लिव होण्याच्या थोडं आधी त्यांनी ते सोडलं आणि हेर्डिस तिथे आली. ट्रामवर तिकिटं फाडणारी, बिनलग्नाची, ओठ रंगवणारी. हाल्दोरने तिचं कपाट एकट्याने पाठीवर घेऊन वर चढवलं, तेव्हा ती टाळ्या पिटत हसली होती. ते हसू मार्गितला अजून टोचत होतं.

"लिवला जरा बघ," म्हणत तिने डोक्याला रुमाल बांधला, रेनकोट अडकवला आणि ती निघाली.

चढाच्या तोंडाशीच तिला तो दिसला. खांद्यावर बुटांची जोडी टाकून सावकाश चालला होता. प्रत्येक वळणावर थांबायचा, इकडेतिकडे बघायचा, मग पुढे. कोणी पाहत तर नाही ना, याची खात्री करतोय मेला! ती भिंतीच्या आडोशाने मागोमाग गेली.

पिवळ्या घराशी तो थांबला. दार वाजवलं नाही. खिशातून किल्ली काढली आणि आत गेला.

किल्ली! घर सोडताना एक किल्ली सापडत नव्हती. हरवली असेल म्हणून यानेच हात झटकले होते.

स्वयंपाकघरात दिवा होता. काचेतून तिला सगळं दिसलं. तिचीच खिडकी, तिचीच चूल, आणि चुलीपाशी बूट काढून ऐसपैस बसलेला तिचा नवरा. हेर्डिस ओल्या फडक्याने त्याचं कपाळ टिपत होती.

मार्गितने दार ढकललं. "वा! छान मांडलाय हो संसार."

हेर्डिस दचकली नाही. "आलीस? बरं झालं. क्लबात दोनदा निरोप ठेवला होता मी तुझ्यासाठी."

"नवरा पळवायचा आणि वर निरोप ठेवायचा?"

"हळू बोल गं. स्वीडनशी सामना तोंडावर आलाय, म्हणून क्लबवाल्यांनी तुला कळू दिलं नसेल."

"मला कोणी कळवायला नको. डोळे शाबूत आहेत माझे. गरम गरम वाढतेयस त्याला, दिसतंय ना!"

"वाढते. एक घास खात नाही तो. शेवटी हाताला धरून तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवते."

"हाताला धरून!" मार्गितचा आवाज चिरकला. "आणि हे तू माझ्या तोंडावर सांगतेस?"

हाल्दोर उठला. त्याच्या कपाळावर चेंडूच्या शिवणीवरल्या वादीचा लाल वळ उमटला होता. त्याने आपली खुर्ची बाहीने पुसली आणि मार्गितपुढे सरकवली.

"बसा ना," तो म्हणाला.

"टोमणे नकोत," मार्गित म्हणाली. "काय असेल ते तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

त्याने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेरच्या पावसाकडे. मग आवाज खाली आणून, अगदी अदबीने, तो तिला म्हणाला, "बाई, तुम्ही खालूनच आलात ना? वाटेत माझी मार्गित दिसली का हो? दूध आणायला गेलीय. दिवस भरत आलेत तिचे, आणि चढ निसरडा झालाय. जरा बघता का, कुठे राहिली ती?"