घेवड्यावरचा मावा

दवाखान्यात दाखल असलेली बायको भेटीच्या वेळी नवऱ्याला रोज विचारायची, “घेवड्यावरची ती माव्याची कीड गेली का हो?” “साबणाच्या पाण्यानं धुतली, मुंग्याही हटल्या,” तो सांगायचा. एकवीस दिवसांनी डॉक्टर म्हणाले, “आता आमच्या हातात काही नाही, घरीच न्या.” घरी येताच तिने परसातल्या घेवड्याजवळ खुर्ची मागितली. शेंडे माव्याने काळेकुट्ट झाले होते, मुंग्या निवांत वरखाली करत होत्या. त्याने मान खाली घातली. “म्हणजे तुम्ही घरी आलाच नाहीत?” “दवाखान्याबाहेरच्या बाकावरच असायचो. पाय निघत नव्हता.” मग साबणाचे पाणी मागवून, त्याचा हात धरून तिने पानांखालून कापडाचा बोळा फिरवायला शिकवले. “आधी मुंग्यांची वाट अडवायची. त्याच माव्याला राखतात. आठवड्यातून दोनदा करा, महिन्याभरात शेंगा धरतील.” “दोघं मिळून तोडू,” तो म्हणाला. तिने पुढचे पान उलटे केले. “कोवळ्या असतानाच तोडा.”